बातमीला गोष्टीचा आकार आला तेव्हा

टीव्हीवरची वृत्तकथा आपण रोज पाहतो. एक माणूस, त्याच्यापुढचं संकट, थोडी उत्कंठा आणि मग सुटका किंवा शोकांत. हा साचा आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की तो कुणीतरी विचारपूर्वक घडवला असेल असं वाटतच नाही.

सप्टेंबर १९६३ मध्ये अमेरिकेत सीबीएस आणि एनबीसी या दोन्ही वाहिन्यांनी संध्याकाळचं बातमीपत्र १५ मिनिटांवरून ३० मिनिटांवर नेलं. त्या निमित्तानं एनबीसीचे निर्माते रूवेन फ्रँक यांनी सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिलं. आशय असा: सचोटी न सोडता प्रत्येक बातमीत संघर्ष हवा, आरंभ, मध्य, शेवट हवा, दूरचित्रवाणीची खरी ताकद माहितीपेक्षा अनुभव पोचवण्यात आहे. म्हणजे ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेला घातलेला नियम बातमीला लागू झाला! आता त्याच ॲरिस्टॉटलनं काव्य आणि इतिहास वेगळे ठेवले होते, हेही आपण लक्षात ठेवू.

फ्रँक यांनी हे आधी करून दाखवलं होतं. १९६२ मध्ये पश्चिम बर्लिनमधले काही विद्यार्थी भिंतीखालून भुयार खणत होते. एनबीसीनं त्यांना पैसे दिले आणि चित्रीकरणाचा हक्क घेतला. सप्टेंबरात त्या भुयारातून २९ माणसं पूर्वेकडून पश्चिमेत आली. १० डिसेंबरला ‘द टनेल’ प्रसारित झाला आणि पुढं त्याला एमी पुरस्कारही मिळाला. त्या अरुंद भुयारात आवाज टिपायची यंत्रं मावत नव्हती, त्यामुळे बरीचशी दृश्यं मुकी आहेत. खणणारे हात, माती, पाणी आणि वाट पाहणं. निवेदनापेक्षा ही वाट पाहणंच प्रेक्षकाला धरून ठेवतं.

मग प्रश्न उरतो. पैसे देणारी वाहिनी साक्षीदार राहिली की गोष्टीतलं पात्र झाली? त्याहून मोठा प्रश्न म्हणजे भिंत उभी का राहिली? १९४९ ते १९६१ या काळात २५ लाखांहून जास्त लोक पूर्व जर्मनी सोडून गेले होते. ही गळती थांबवायला ती बांधली गेली. पण या कारणाला चेहरा नाही. भुयारातल्या कॅमेऱ्याला ते दिसणार कसं? आणि जे मागं राहिले, त्यांच्या आयुष्याला तर गोष्टीसारखा शेवटही नव्हता.

आपल्या नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, त्यात विचार मांडला जातो. उत्तररंगातलं आख्यान त्या विचाराला बांधलेलं असतं. वृत्तकथेत मात्र बऱ्याचदा नुसता उत्तररंगच आपल्यासमोर येतो. डोळ्यांत पाणी येतं, ते खरंच असतं. पण समज तेवढीच वाढते असं नाही.

म्हणून गोष्ट नको, असं आम्ही म्हणणार नाही. गोष्टीवाचून त्या २९ जणांची भीती आपल्यापर्यंत पोचलीच नसती. फक्त वृत्तकथा संपली की आपण एवढं विचारावं: हिचा पूर्वरंग कुठं गेला?