पाणथळ महोत्सव

पाणथळ महोत्सव : तळी, बंधाऱ्यांचे जलाशय, नदीकाठची दलदल, खाड्या व भातखाचरे अशी जी भूमी वर्षातून काही काळ तरी पाण्याखाली असते, तिचा आणि तिच्या आश्रयाने जगणाऱ्या पक्षी, मासे, कासवे, मगरी इत्यादी जीवांचा गौरव करण्यासाठी स्थानिक लोकांनी एकत्र येऊन साजरा केलेला वार्षिक उत्सव. हे नाव अलीकडचे असले तरी प्रघात जुना आहे. प्रस्तुत नोंदीत या दोहोंचा विचार एकत्र केला आहे, कारण पाणवठ्याशी ज्यांचे सणवार आणि पोटपाणी आधीच बांधलेले आहे, अशा लोकांच्या हाती यजमानपद आले तरच नवा उत्सव मंडप उतरल्यावरही टिकून राहतो, असे नोंदकाराचे मत आहे. विवेचनासाठी मुख्यतः कंग्राळी, बेळगाव व निपाणी हा महाराष्ट्र-कर्नाटक सरहद्दीचा मुलूख आणि त्याला लागून असलेले कोल्हापूर, कोकण व गोवे हे प्रदेश घेतले आहेत.

इराणमधील रामसर या कॅस्पियन समुद्राकाठच्या शहरी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ भूमींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९९७ पासून तो दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जाऊ लागला. भारत या करारात १९८२ साली सामील झाला. कराराने केलेली व्याख्या अतिशय उदार आहे. पाणी नैसर्गिक असो वा माणसाने अडवलेले, बारमाही असो वा हंगामी, गोडे असो वा खारे, ते सारे तीत बसते, भातखाचरेही बसतात, आणि ओहोटीच्या वेळी सहा मीटरांहून अधिक खोल नसलेला समुद्राचा काठदेखील बसतो. भारत सरकारने २०१७ साली केलेले पाणथळ भूमी संवर्धनाचे नियम मात्र नदीपात्रे, भातशेते, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आणि सिंचन, मीठ, मत्स्यसंवर्धन वा करमणूक यांसाठी केलेली बांधकामे आपल्या व्याख्येतून वगळतात. हा अपवाद वाचताना सरहद्दीच्या मुलखातील माणसाने आपल्या सभोवार एकदा नजर टाकावी. बेळगाव शहराला पाणी देणारा मार्कंडेय नदीवरील राकसकोपचा जलाशय पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला, निपाणीचा जवाहर तलाव तसाच, हुक्केरी तालुक्यातील घटप्रभेवरचे हिडकलचे धरण सिंचनासाठी, कंग्राळीच्या शिवाराजवळून जाणारी मार्कंडेय ही नदीपात्र म्हणून वगळलेली, आणि कंग्राळी बुद्रुक, कंग्राळी खुर्द, येळ्ळूर, वडगाव, शहापूर येथील पावसाळ्यात पाण्याने भरून राहणारी खाचरे ही भातशेते म्हणून वगळलेली. या मुलखातील जवळजवळ प्रत्येक पाणी असे कोणत्या ना कोणत्या अपवादात बसते आणि दप्तरी पाणथळ म्हणून त्याची गणना होत नाही. पाणथळ महोत्सवाचे महत्त्व नेमके येथे आहे, कारण ज्या पाण्याचा बंदोबस्त कायद्याने केलेला नाही, त्याची वास्तपुस्त करण्याचे काम लोकांच्या जमावाकडे आपोआपच येते.

माणसाने अडवलेले पाणी पक्ष्यांच्या लेखी कमी दर्जाचे नसते, याचे पुरावे कर्नाटकातच आहेत. गदग जिल्ह्यातील मागडीचा तलाव आणि विजयनगर जिल्ह्यातील अंकसमुद्राचा तलाव हे दोन्ही शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले, आणि २०२४ साली त्या दोहोंचा समावेश रामसर यादीत झाला. मागडीस हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकादंब हंसांचे थवे उतरतात. मंड्या जिल्ह्यातील कोक्करेबेळ्ळूर या गावाची गोष्ट याहून हृद्य आहे. कन्नडमध्ये कोक्करे म्हणजे बगळ्या-बलाकांच्या जातीचा पक्षी, आणि गावाच्या नावातच तो येऊन बसलेला आहे. तेथे चित्रबलाक आणि झोळीवाले पाणपक्षी गावातल्या चिंचांवर घरटी करतात, आणि ग्रामस्थ त्यांना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकी मानतात. २००७ साली सरकारने या गावाला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, परंतु लेकींचा पाहुणचार त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

बेळगाव जिल्ह्यातील पक्ष्यांचे सर्वांत मोठे मान्यताप्राप्त ठिकाण म्हणजे गोकाक तालुक्यातील घटप्रभा पक्षी अभयारण्य. १९७४ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २९.७८ चौरस किलोमीटर आहे, आणि तेही मुळात मानवनिर्मितच, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धुपदाळ येथे घटप्रभेवर जो बंधारा घालण्यात आला त्याच्या फुगवट्यातून ते निर्माण झाले. बंधाऱ्यामागे गाळ साचला, गाळावर बेटे झाली, बेटांवर झाडी माजली आणि झाडीत बगळे, पाणकावळे व चित्रबलाक वस्तीला आले. हिवाळ्यात येथे कांड्या करकोचे येतात. करड्या अंगाचा, काळ्या गळ्याचा आणि डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा झुबका सोडलेला हा देखणा क्रौंच रात्र उथळ पाण्यात उभ्याने काढतो आणि उजाडताच आसपासच्या शेतांत चरावयास जातो. त्याच्याबरोबर युरोपातून येणारा, तांबड्या पायांचा व तांबड्या चोचीचा श्वेत बलाकही अधूनमधून दिसतो. या पक्ष्यांचे भवितव्य पाटबंधारे खात्याच्या पाळीपत्रकाशी निगडित असते, कारण पाणी फार चढले तर उथळ काठ बुडतो, आणि एकाएकी उतरले तर बेटे काठाला जोडली जाऊन कुत्र्यांना घरट्यांपर्यंत वाट मिळते. हे बारकावे काठावरच्या कोळ्यांना व शेतकऱ्यांना जितके ठाऊक असतात तितके दूरच्या कचेरीतील फायलींना नसतात, म्हणून उत्सवात प्रथम बोलण्याचा मान त्यांचा असावा.

याच पाण्याचा उगम सरहद्दीपलीकडे, सिंधुदुर्गाच्या डोंगरांत आहे. घटप्रभेस मिळणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरातील एका गुहेतून प्रकट होते, आणि आजरा, गडहिंग्लज व संकेश्वर या गावांवरून वाहत खाली येते. उगमस्थानी महादेवाचे मंदिर असून महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. याच मंदिराच्या कुंडात संशोधकांना एक चिमुकला मासा सापडला, २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, आणि पुढील वर्षी महाराष्ट्र शासनाने ते स्थान जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. देवाच्या कुंडात मासेमारी करावयाची नाही या साध्या भाविक संकेताने, शास्त्राला ज्याचे नावही माहीत नव्हते, असा जीव किती काळ राखून ठेवला असेल, याचा विचार मनाला स्पर्श केल्याशिवाय राहत नाही.

जुन्या लोकविधींपैकी पाणथळ भूमीशी सर्वांत जवळचा, आणि नोंदकाराच्या मते सर्वांत थोर, असा विधी गोव्यात आहे. दुर्भाट, आडपई, बोरी इत्यादी गावांच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या भातजमिनींत, पौष अमावास्येच्या सुमारास मांगें थापणी होते. मांगें म्हणजे मगर. शेतकरी बांधाजवळच्या ओल्या चिखलाची पुरुषभर लांब मगर थापतात, शिंपल्यांचे तुकडे ओळीने रोवून पाठीवरचे खवले करतात, काड्यांचे दात बसवतात, शेपटीला डौलदार वळण देतात, आणि फुले वाहून, नैवेद्य दाखवून तिची पूजा करतात. कुंभारजुव्याच्या खाडीत आजही मगरी आहेत, आणि ज्याला रात्री-अपरात्री बांधावरून चालत जाऊन मानशीचे, म्हणजे खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराचे, काम पाहावे लागते, त्याला या शेजारणीशी सलोखा ठेवणे भागच आहे. भय आणि आदर या दोहोंच्या पोटी जन्मलेल्या या पूजेत मगरीस मारण्याचा विचार नाही. तू तुझ्या पाण्यात राहा, आम्ही आमच्या बांधावर राहतो, एवढीच विनवणी आहे. सरहद्दीच्या कानडी-मराठी गावांत ज्येष्ठाच्या अमावास्येस मातीचे बैल करून पुजतात, गौरीच्या सणाला बायका पाणवठ्यावरून तेरड्याच्या डहाळ्या व पाण्याचा कलश गात गात घरी आणतात. पाणवठ्याकडे रिकाम्या हातांनी जायचे नाही आणि तेथून आणलेले मानाने आणायचे, ही शिकवण या सर्व आचारांत सारखीच आहे.

अर्वाचीन महोत्सवांत मुंबईच्या शिवडी बंदरावरील रोहित पक्ष्यांचा महोत्सव विशेष प्रसिद्धी पावला. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पुढाकाराने भरणाऱ्या या महोत्सवात धक्क्यावर दुर्बिणी मांडून स्वयंसेवक येईल त्याला चिखलावरचे गुलाबी थवे दाखवीत, आणि गिरणगावातील कुटुंबे लेकराबाळांसह रांगा लावीत. पुढे २०१५ साली ठाणे खाडीत रोहित अभयारण्य झाले आणि २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली. नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर येथे, जे २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले, पक्षी महोत्सव भरले आहेत, आणि गोव्याचे वनखातेही असा महोत्सव भरवते. महाराष्ट्रात पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पाळला जातो. त्याचे पहिले टोक अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनावर व दुसरे डॉ. सालीम अली यांच्या जन्मदिनावर बांधलेले असून २०२० पासून त्याला सरकारी मान्यता आहे. चितमपल्लींनी पक्षिकोश रचताना गावोगावची पक्ष्यांची नावे गोळा केली, हे त्यांचे मराठीवरील ऋण फिटण्याजोगे नाही.

या सर्वांत अनुकरणीय नमुना रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासचा. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यास आरंभ केला आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. अंडी कुंपणात पुरून ठेवतात, आणि पिल्ले निघण्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ वरच्या टोपल्या उचलून पाहतात. वाळूतून वर आलेली तळहातापेक्षा लहान पिल्ले पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली जातात, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी समुद्र गाठतात. दोरीच्या अलीकडे माणसे श्वास रोखून उभी असतात आणि लाटेने पिल्लू उचलले की नकळत सुस्कारा सोडतात. पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय गावातल्या घरांतच होत असल्याने कासवाचे रक्षण आणि घरातील चूल यांचा संबंध प्रत्येकास डोळ्यांनी दिसतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावच्या नावाड्यांनीही पक्षी दाखविण्याचा व्यवसाय असाच हाती घेतला.

दोषही सांगितले पाहिजेत. छायाचित्राच्या हव्यासाने नाव थव्यात घातली की पक्षी उडतात, आणि दूर देशीच्या प्रवासासाठी साठवलेली त्यांची चरबी नाहक खर्ची पडते. ध्वनिक्षेपक, पत्रावळ्यांचे व प्लास्टिकचे ढीग आणि पाहुण्यांच्या सत्कारात गेलेली सकाळ, ही तर नित्याची तक्रार. भंडारदऱ्याच्या काजवा महोत्सवात मोटारींच्या दिव्यांनी काजव्यांचा प्रकाशच हरवू लागला, तेव्हा उत्सवमूर्तीलाच उत्सवाचा उपद्रव होऊ शकतो हे उघड झाले.

याउलट ज्या उत्सवात गणना होते त्याचे फळ टिकाऊ असते. भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना चालते, आणि तिच्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक दुर्बीण, एक वही आणि पहाटे उठण्याची तयारी, इतकीच. सरहद्दीच्या मुलखात ही वही दोन्ही भाषांत असावी. मराठी मूल ज्याला गायबगळा म्हणते त्याचा शेजारचे कानडी मूल बेळ्ळक्की, म्हणजे पांढरा पक्षी, म्हणून पुकारा करते, आणि एका दुर्बिणीत आळीपाळीने डोळा लावताना ही दोन नावे एकमेकांना आपोआप शिकविली जातात. सरहद्दीवरून वर्षानुवर्षे चाललेल्या वादात ज्यांनी पिढ्या घालविल्या त्या गावांना या लहानशा देवघेवीचे मोल निराळे सांगावयास नको.

कंग्राळीपुरते बोलावयाचे तर येथील खरा पाणथळ हंगाम जानेवारीत नसून आषाढात असतो. रोपलावणीपूर्वी खाचरांची चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरच्या, आणि अजून कोठे कोठे बैलांच्या, मागोमाग गायबगळ्यांची रांग चालू लागते. विणीच्या दिवसांत त्यांच्या डोक्यामानेवर केशरी छटा आलेली असते, आणि फाळाने उलटलेल्या चिखलातून बाहेर पडणारे किडे, बेडूक, गोगलगायी ते नेमके टिपतात. बांधावर वंचक मान आखडून बसलेला असतो, तो उडेपर्यंत दिसतच नाही. टिटवी माणसाची चाहूल लागताच ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. आणि मार्कंडेयकाठच्या लव्हाळ्यात पाणकोंबडीची काळी पिल्ले आईमागून सरसरत जातात. शेताच्या उताऱ्यावर या खाचरांपुढे केवळ पिकाचे नाव असते. रोपलावणीच्या एखाद्या सकाळी शाळेची मुले बांधावर उभी करून, शेतमालकाच्या संमतीने, या पांढऱ्या रांगेची मोजदाद करून ती तारखेनिशी ग्रामपंचायतीच्या दप्तरात दाखल केली, तर तेवढ्यानेही कंग्राळीचा पहिला पाणथळ महोत्सव पार पडेल, आणि त्याला मंडपाचा खर्च येणार नाही.