केमोथेरपीतील औषधांचा क्रम

केमोथेरपीतील औषधांचा क्रम : (कर्करोग परिचर्या). एकाच दिवशी दोन किंवा अधिक कर्करोगविरोधी औषधे द्यायची असतात तेव्हा कोणते आधी, कोणते नंतर आणि मध्ये किती वेळ सोडायचा, याची ठरलेली रीत. क्रम डॉक्टर लिहून देतात, औषधे फार्मसीतून तयार होऊन येतात. पण पिशवी टांगते ती परिचारिका. उलटापालट झालीच तर ती रोखण्याची शेवटची संधी तिच्याच हातात असते.

क्रमाला सर्वांत भक्कम आधार आहे तो औषधांच्या परस्परांवरील परिणामांचा. सिस्प्लॅटिन आधी दिले तर पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर टाकले जाण्याचा वेग सुमारे ३३ टक्क्यांनी घटतो आणि पांढऱ्या पेशी जास्त खाली जातात. म्हणून पॅक्लिटॅक्सेल आधी, सिस्प्लॅटिन नंतर. कार्बोप्लॅटिनबाबतही हीच पद्धत आहे. डॉक्सोरुबिसिनबरोबर मात्र तेच पॅक्लिटॅक्सेल दुसऱ्या क्रमांकावर जाते, कारण ते आधी दिल्यास रक्तातील डॉक्सोरुबिसिनची पातळी वाढते आणि तोंड येण्याचा त्रास बळावतो. पेमेट्रेक्सेड संपल्यावर सुमारे ३० मिनिटांनी सिस्प्लॅटिन सुरू करतात. ‘अमुक औषध नेहमी पहिले’ असा सरसकट नियम त्यामुळे चालत नाही; प्रत्येक जोडी वेगळी लक्षात ठेवावी लागते.

ल्युकोव्होरिनचे उदाहरण तर मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट दिल्यावर निरोगी पेशींना वाचवण्यासाठी ते साधारणपणे २४ तासांनी सुरू करतात. ते वेळेवर मिळाले नाही तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ५-फ्लुओरोयुरॅसिलच्या आधी दिले की हेच ल्युकोव्होरिन त्या औषधाचा मारा वाढवते. पहिल्या ठिकाणी ते सोडवणारे, दुसऱ्या ठिकाणी जोर देणारे. काम कोणते, हे जोडीचे औषध आणि वेळ यांवर ठरते.

दुसरा आधार रसायनांच्या मेळाचा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील फॉलफॉक्स या उपचारात ऑक्सालिप्लॅटिन आणि ल्युकोव्होरिन वेगवेगळ्या पिशव्यांतून, वाय-जोडणीने, दोन तास एकाच वेळी चालतात. त्यानंतर ५-फ्लुओरोयुरॅसिल आधी शिरेत थेट टोचून आणि मग पंपावर ४६ तास देतात. ऑक्सालिप्लॅटिनला मिठाचे सलाईन चालत नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजच लागते. अल्कधर्मी ५-फ्लुओरोयुरॅसिलशीही त्याचे जमत नाही. म्हणून औषध बदलताना नळी डेक्स्ट्रोजने धुतात. घाईच्या डे-केअरमध्ये सवयीने साधे सलाईन जोडले जाण्याचा धोका इथेच असतो.

शिरेबाहेर गळल्यास ऊती जाळणारी औषधे (डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन) आधी द्यावीत, असा बऱ्याच ठिकाणचा प्रघात आहे. त्या वेळी शीर ताजी असते, तिला सूज आलेली नसते. या मुद्द्यावर तज्ज्ञांत एकमत नाही. क्रम कोणताही असो, रक्त उलट येते का हे पुन्हापुन्हा पाहणे आणि रुग्णाला ‘आग होते का, दुखतंय का’ असे विचारत राहणे, हाच खरा बचाव आहे. व्हिन्क्रिस्टीन मणक्यात गेल्यास बहुधा मृत्यू ओढवतो. म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले आहे. मणक्यातील औषधाच्या वेळी ते रुग्णाजवळ आणूही नये.

केमोआधीची औषधेही क्रमाचाच भाग होत. पॅक्लिटॅक्सेलपूर्वी डेक्सामेथासोन व ॲलर्जीरोधक, सिस्प्लॅटिनपूर्वी भरपूर सलाईन आणि उलटीरोधक. यांतले काही राहिले असेल तर मुख्य पिशवी थांबवावी. ट्रॅस्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब यांत कोणतेही आधी चालते, पण दोन्ही झाल्यावरच टॅक्सेन गटातील औषध (उदा. पॅक्लिटॅक्सेल) देतात.

क्रम उलटा झाल्याचे लक्षात आले तर पुढचे औषध परिचारिकेने स्वतःच्या अंदाजाने सुरू करू नये. डॉक्टरांना त्वरित कळवावे, दोन्ही औषधांच्या सुरू-बंद वेळा केसपेपरवर नोंदवाव्यात आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख रुग्णाच्या नातेवाइकांना स्पष्ट सांगावी.