राजाची निद्रा

लवकर उठावें हें घरोघर सांगतात. किती निजावें हें क्वचितच. १९०९ सालीं म्हैसुरास ग्रंथरूपानें छापल्या गेलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत राजाच्या रात्रीचे आठ भाग केले आहेत. सायंकाळीं सहापासून मोजल्यास तिसऱ्या भागीं, म्हणजे नऊनंतर, वाद्यघोषांत शयन; सहाव्या भागीं, म्हणजे दीडच्या सुमारास, वाद्यघोषानेंच जागृति. निद्रा फार तर साडेचार तास! आजचें वैद्यक प्रौढास निदान सात तास सांगतें. परंतु कौटिल्य पुढें लागलीच म्हणतो कीं, राजानें स्वशक्तीनुसार हे भाग पाडावेत. उपदेशकांस कठोर नियम तेवढा स्मरतो, ही सवलत स्मरत नाहीं. परीक्षेच्या दिवसांत मुलास पहांटे हांक मारणाऱ्या घरानें रात्रीं दिवाही वेळेवर मालवावा.