लिस्बनच्या दप्तरातला गोवा

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, वर्ध्यात बसून पोर्तुगालच्या नागरिकत्वाशी आपला काय संबंध? थोडा आहे, तो ओघात येईलच.

गोव्याचा माणूस बाहेर पडला तो काही आज नाही. एकोणिसाव्या शतकापासून तो मुंबईला येत होता. बोटीवर खलाशी, साहेबाच्या घरी खानसामा, बँडमध्ये वादक. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या ‘कुडी’ होत्या. कूड म्हणजे आपल्या गावच्या माणसांसाठी उतरायची जागा. बोट लागेपर्यंत तिथं राहायचं, पेटी ठेवायची, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची. पुढे हीच माणसं केनिया, युगांडा, मोझांबिकला गेली, १९७० नंतर आखातात गेली. पण तेव्हा ती पोटासाठी जात होती, नागरिकत्व बदलायला नाही. तो प्रश्न १९६१ नं निर्माण केला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आता तिथले लोक कुठले नागरिक? भारत सरकारनं मार्च १९६२ मध्ये एक आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कुणी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मले, तो भारताचा नागरिक. ज्याला पूर्वीचंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्यानं एका महिन्यात लेखी कळवायचं. बहुतेकांनी काही कळवलं नाही. शेत, घर, देऊळ, चर्च सगळं इथंच होतं.

एका धर्मगुरूनं मात्र कळवलं. फादर मोंतेरो. जन्मानं गोव्याचे, पण पोर्तुगीज राहिले. राहण्याच्या परवान्याची मुदत १९६४ मध्ये संपली, त्यांनी ती वाढवून घेतली नाही आणि खटला झाला. त्यांचं म्हणणं, हा व्यापलेला प्रदेश आहे, जिनिव्हा करार मला संरक्षण देतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ चा तो निकाल सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी लिहिला. हे आपल्याकडचेच म्हणायचे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. त्यांनी सांगितलं की प्रदेश भारतात सामील झाला तेव्हाच लष्करी ताबा संपला, करारातलं ते संरक्षण आता लागू नाही. फादर हरले.

आता पलीकडची बाजू बघा. पोर्तुगालनं हे सामिलीकरण मानलंच नव्हतं. एप्रिल १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. सही करणारे दोघे: त्यांच्याकडून मारिओ सोआरेस, आपल्याकडून यशवंतराव चव्हाण. पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

जमीन सोडली, माणसं मात्र सोडली नाहीत, आणि गंमत इथंच आहे. १९७५ मध्ये आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा पोर्तुगालनं कायदा करून तिथल्या बहुसंख्य लोकांचं पोर्तुगीज नागरिकत्व संपवलं. गोवा स्वतंत्र देश झालाच नव्हता, त्यामुळे तो कायदा गोवेकरांना लागला नाही. पुढे १९८१ च्या कायद्यानं परदेशात जन्मलेल्या पोर्तुगीजाच्या मुलालाही जन्मनोंद करून नागरिक होण्याची वाट दिली. म्हणजे आजोबांची नोंद, मग आजोबांच्या लग्नाची, मग वडिलांची, अशी साखळी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जोडत जायची. यात हिंदूही आले. दमण-दीवचे गुजराती तर कितीतरी. जुन्या दप्तरात कामत ‘कामोतीं’ होतात, प्रभू ‘पोरोबो’. आधार कार्डावरचं नाव आणि आजोबांच्या दाखल्यावरचं नाव एकाच घराण्याचं, हे सिद्ध करताना लोक मेटाकुटीला येतात.

हे सगळं लिस्बनच्या प्रेमापोटी? मला नाही वाटत. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि त्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये काम करता येऊ लागलं. गोव्याची मंडळी स्विंडनला, साउथॉलला गेली, दीवची लेस्टरला. गोदामात, विमानतळावर, स्वयंपाकघरात कामाला लागली. कित्येकांनी पोर्तुगाल पाहिलेलाही नाही. ३१ डिसेंबर २०२० ला ती मोकळी ये-जा संपली. आधी पोचलेल्यांना राहायचा हक्क मिळाला, नव्यांना व्हिसा आला.

किंमत काय? आपला १९५५ चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. आपणहून दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. पुढे ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वर्ध्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि खरी मेख पुढे आहे. पोर्तुगाल म्हणतो, तुम्ही जन्मानंच आमचे, आम्ही फक्त नोंद करतो. मग नुसती नोंद झाली, पासपोर्ट घेतला नाही, तर त्याला ‘आपणहून घेतलं’ म्हणायचं का? निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींवरही हा आक्षेप आला, प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. आणि कधी नोंद बापानं केलेली असते, पोराच्या लहानपणीच. त्या पोरानं आपणहून काय घेतलं? आता प्रश्न विचारा.