कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘जात’ हा शब्द का बसू दिला नाही?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी एक विधेयक सही न करता परत पाठवले. (तिथला राज्यपाल दिल्लीने नेमलेला नसतो. तो लोकांमधून निवडून येतो आणि राज्य तोच चालवतो.) विधेयकाचा क्रमांक एसबी ४०३. मागणी एका शब्दाची होती. नोकरी, घर आणि शिक्षणातील भेदभावाला बंदी घालणाऱ्या राज्याच्या कायद्यांत ‘जात’ हा शब्द स्पष्ट लिहा, एवढेच.

शिरगावात तरुणांशी या विषयावर बोलायला लागलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकडे अमेरिकेत काय झाले याच्याशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आम्ही मावळात राहतो. एका अंगाला देहूरोड, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दुसऱ्या अंगाला हिंजवडीचे आयटी पार्क, जिथून दरवर्षी इंजिनिअर सॅन होजे आणि सांता क्लाराला जातात. जाताना लॅपटॉप नेतात, पुरणपोळीचा साचा नेतात आणि आडनावही नेतात. ते आडनाव तिकडे काय काम करते, हा आपलाच प्रश्न आहे.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच एकाने ओळखला होता. हिंदू जगात जिथे जिथे जातील तिथे जातीचा प्रश्न जाईल आणि तो जागतिक होईल, हे विधान आपण सभेत नेहमी बाबासाहेबांच्या नावावर सांगतो. बाबासाहेबांनी ते ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात घेतले, पण मूळ विधान आहे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. तेही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि जातीवर पुस्तक लिहीत होते. श्रेय ज्याचे त्याला द्यावे. त्याने आपली बाजू उलट बळकटच होते, कारण जात जगभर जाईल हे एका ब्राह्मण विद्वानाने स्वतःच्या लेखणीने मान्य केले आहे.

आता कॅलिफोर्नियाचा जुना इतिहास पाहू, म्हणजे २०२३ सालचा अर्थ लागेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकरी आणि मजूर त्या राज्याच्या शेतांत कामाला गेले. अमेरिकेचे नागरिकत्व तेव्हा फक्त ‘गोऱ्या’ व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत असे. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले शीख गृहस्थ नागरिकत्वासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या बाजूने युक्तिवाद कोणता झाला? आम्ही उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत. इतकेच नाही, तर गोरा अमेरिकन काळ्याशी सोयरीक करायला जसा तयार नसतो, तसेच आम्हीही खालच्या मूळनिवासींशी करत नाही, असा दाखला दिला गेला. म्हणजे अमेरिकेच्या सर्वात मोठ्या न्यायालयात ‘जात’ हा शब्द शंभर वर्षांपूर्वीच उच्चारला गेला, आणि तो पात्रतेचा पुरावा म्हणून! १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने थिंड यांचा दावा फेटाळला. सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा म्हणत नाही तो गोरा नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. या निकालाचा फटका कॅलिफोर्नियातल्या सगळ्या भारतीयांना बसला, कारण नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना तिथे शेतजमीन घेता येत नव्हती. थिंड यांच्यावर झालेला अन्याय खराच होता. पण अन्यायातून सुटण्यासाठी त्यांच्या बाजूने कोणती शिडी निवडली, हे विसरता येत नाही.

त्याच कॅलिफोर्नियात त्याच काळात दुसरा एक पंजाबी होता. होशियारपूर जिल्ह्यातील मुगोवाल गावचे मंगूराम, चामड्याचे काम करणाऱ्या चमार समाजातले. १९०९ मध्ये ते तिथे गेले आणि सॅन वाकीन खोऱ्यातल्या बागांत फळे तोडू लागले. मालक कोण, तर तिथे जाऊन स्थिरावलेले पंजाबी जमीनदार! समुद्र ओलांडला तरी मालक आणि मजूर यांच्या जागा बदलल्या नव्हत्या. पुढे ते गदर पक्षात गेले, बऱ्याच वर्षांनी मायदेशी परतले आणि १९२६ मध्ये आद-धर्म चळवळ उभी केली. १९३१ च्या जनगणनेत पंजाबात आद-धर्माची स्वतंत्र नोंद झाली. थिंड यांचा खटला कायद्याच्या पुस्तकांत शिकवला जातो. मंगूरामांचे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकले आहे?

त्या राज्याचे राजकारण बाहेरून फार पुढारलेले दिसते. १९६३ मध्ये तिथे घरे भाड्याने देताना आणि विकताना वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा झाला. तो आणणारे आमदार विल्यम बायरन रमफोर्ड स्वतः कृष्णवर्णीय. लगेच पुढच्या वर्षी घरमालक आणि दलालांच्या संघटनांनी सार्वमत घडवून आणले आणि सुमारे ६५ टक्के मतदारांनी तो कायदा निकामी केला. आमचे घर, आमची मर्जी! शेवटी १९६७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते सार्वमत घटनाबाह्य ठरवले. बहुमत म्हणजे न्याय नव्हे, हे बाबासाहेब आपल्याला घटना समितीत सांगत होते. तिकडे ते न्यायालयाला सांगावे लागले. याच रागातून १९६६ मध्ये ऑकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली आणि तिचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर.

कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा दबाव होता म्हणूनच १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि शिकलेल्या भारतीयांना दार उघडले. त्या दारातून आधी कोण गेले? ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या होत्या ते. दुसऱ्याच्या लढ्याने उघडलेल्या दारातून गेलेल्यांनी आत गेल्यावर काय केले, तो पुढचा भाग.

३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने सिस्को या कंपनीवर आणि तिच्या दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. तक्रारदार आयआयटीत शिकलेला दलित इंजिनिअर. आरोप असा की, तो आरक्षणातून आला होता हे सहकाऱ्यांना सांगितले गेले आणि तक्रार केल्यावर त्याला कामात बाजूला टाकले गेले. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये विभागाने त्या दोन अधिकाऱ्यांवरील दावा स्वतःहून मागे घेतला. कंपनीविरुद्धचा दावा मात्र सोडला नाही. त्यामुळे आरोप सिद्ध झाला असे कोणी छातीठोक सांगत असेल तर थांबवावे. आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळी आहे. कंपनीच्या वकिलांनी मुद्दा घेतला की, जात हा कायद्याने संरक्षण दिलेला प्रकारच नाही.

आकड्यांबाबतही सावध राहावे. इक्वॅलिटी लॅब्जच्या २०१८ च्या अहवालात ६७ टक्के दलितांनी कामाच्या ठिकाणी अन्याय्य वागणूक मिळाल्याचे सांगितले. तो आपण सर्रास वापरतो. पण ती पाहणी स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांची होती, सगळ्या समाजाचा नमुना नव्हती. विरोधक नेमके तिथेच बोट ठेवतात. एका माणसावर झालेला भेदभावही कायद्याला पुरेसा असावा. त्यासाठी टक्केवारीची गरज नाही.

मग २०२३ उजाडले. २१ फेब्रुवारीला सिएटलच्या नगर परिषदेने जातिभेदाला बंदी घातली. अमेरिकेतले ते पहिले शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, ब्राह्मण कुटुंबातल्या. पाठोपाठ कॅलिफोर्नियात अफगाण वंशाच्या सिनेटर आयशा वहाब यांनी एसबी ४०३ आणले. ११ मे रोजी सिनेटमध्ये ते ३४ विरुद्ध १ मताने मंजूर झाले. विधानसभेतही विरोधी मते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मंजुरीच्या वाटेवर ‘जात’ हा स्वतंत्र प्रकार न ठेवता ‘वंशपरंपरा’ या शब्दाच्या पोटात टाकण्यात आला. तडजोड झाली, तरी विरोध थांबला नाही. वहाब यांना पदावरून परत बोलावण्याची मोहीम काढली गेली. सॅक्रामेंटोला थेनमोळी सौंदरराजन आणि साथी सुमारे महिनाभर उपोषणाला बसले. रविदासी बांधव, आंबेडकरी संघटना, काही शीख आणि मुस्लिम संघटना एकत्र आल्या. २८ सप्टेंबरला फ्रेस्नो शहराने स्वतःचा ठराव करून टाकला. फ्रेस्नो त्याच सॅन वाकीन खोऱ्यात येते, जिथे मंगूराम फळे तोडत होते.

नऊ दिवसांनी राज्यपालांनी नकार कळवला. कारण दिले की, वंशपरंपरेच्या आधारे भेदभावाला बंदी आधीच आहे, म्हणून हा कायदा अनावश्यक आहे. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते मिळवून असा नकार मोडता येतो, पण त्या राज्यात चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणी तसे केलेले नाही. विधेयक आणणारा पक्ष डेमोक्रॅटिक, ते अडवणारा राज्यपालही डेमोक्रॅटिक. त्या पक्षासाठी पैसा उभा करणाऱ्यांत श्रीमंत भारतीय आहेत आणि त्यातल्या काहींचा विरोध उघड होता. पुरोगामी पक्ष म्हणजे आपला पक्ष, हा भ्रम महाराष्ट्रात आपण पुष्कळ वेळा पोसला आहे. तिकडेही तेच.

आता दोन्ही म्हणणी शेजारी ठेवून पाहा. कोर्टात बोलायची वेळ आली की जात कायद्यात नाही. विधिमंडळात लिहायची वेळ आली की जात कायद्यात आधीच आहे. बोलणारे वेगळे असतील, पण फायदा एकाच बाजूचा.

ही खेळी आपल्याला नवी नाही. ज्या १९२३ मध्ये थिंड यांचा निकाल लागला, त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला. कागदावर चवदार तळे आपले झाले, पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आणि हात लावताच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ मध्ये. स्वातंत्र्यानंतर कलम १७ होते, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा होता, दंड संहिताही होती. तरी १९८९ मध्ये अॅट्रॉसिटी कायदा का करावा लागला? मारहाण हा गुन्हा आधीच होता. पण जातीमुळे मारले, हे पोलिसाच्या कागदावर येत नव्हते. ज्या गोष्टीला कायदा नाव देत नाही, ती गोष्ट पंचनाम्यातून गळते.

राज्यपालांच्या नकारात एक चांगली गोष्टही आहे, आणि तिकडचे आपले वकील ती सोडणार नाहीत असे वाटते. जात वंशपरंपरेत येते, असे त्यांनी सहीनिशी लिहून दिले आहे.

आणि हिंजवडी? कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरच्या बाजूने निदान सरकारी विभाग न्यायालयात उभा राहिला. आपल्या घटनेचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी कंपनीत जातीवरून बढती अडवली, तर आपल्याकडे फौजदारी तक्रार उरते, आणि बंद केबिनमधली गोष्ट पोलीस ठाण्यात सिद्ध करणे जवळपास अशक्य. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती सक्तीची केली. जातीसाठी खासगी कंपन्यांत अशी सक्ती नाही. अॅपलने सिस्कोच्या खटल्यानंतर आपल्या आचारसंहितेत जात हा शब्द घातला, आयबीएमनेही घातला. म्हणून मावळातून आयटी पार्कला जाणाऱ्या प्रत्येक भावाबहिणीला आमचे सांगणे आहे की, आपल्या कंपनीची आचारसंहिता उघडा आणि त्यात तो शब्द आहे का ते पाहा. नसेल तर एचआरला लेखी विचारा, आणि उत्तर जपून ठेवा.