चाळिशीनंतरचा समूहव्यायाम

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला व्यायामाकडे वळविणारे कारण बहुधा कागदावर लिहिलेले असते. उपाशीपोटी तपासलेल्या रक्तातील साखरेचा आकडा, रक्तदाबाची नोंद किंवा कार्यालयाने करून घेतलेल्या वार्षिक तपासणीच्या अहवालातील एखादी ठळक ओळ. शाळा सुटल्यापासून मैदानाचे तोंड न पाहिलेली ही मंडळी मग घराजवळची बॅच शोधू लागतात. कुणी सोसायटीच्या गच्चीवर भरणाऱ्या पहाटेच्या वर्गात जाते, कुणी उद्यानातल्या गटात, तर कुणी व्यायामशाळेतील सामूहिक प्रशिक्षणाला नाव नोंदविते. एकट्याने व्यायाम होत नाही, हा पूर्वानुभव त्यामागे असतो.

या निर्णयाचे महत्त्व आकडे पाहिल्यावर लक्षात येते. २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते, असे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. त्यातच हृदयविकाराचा पहिला झटका दक्षिण आशियाई लोकांना इतरांच्या तुलनेत सुमारे सहा वर्षे आधी येतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार त्याचे मध्यम वय ५३ होते, तर अन्य देशांत जवळपास ५९. म्हणजे आपल्याकडे पंचेचाळिशीत व्यायाम सुरू करणारा माणूस लवकर जागा झालेला नसतो. तो कसाबसा वेळेवर पोहोचलेला असतो.

मराठी मुलखाला समूहाने व्यायाम करणे नवे नाही. तालीम आणि आखाडा या संस्था येथे जुन्याच. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचे. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली होती. मात्र या परंपरेचा रोख प्रामुख्याने किशोर व तरुणांकडे राहिला. संसारात पडलेल्या माणसाने तालीम सोडायची, हेच गृहीत होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हा त्यातला ठळक अपवाद. आरंभी काही वर्षे सँडो पद्धतीचा व्यायाम केल्यानंतर वयाच्या चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे संस्थानातील शाळांत त्यांनी हा व्यायाम सक्तीचा केला. मध्यमवयात एका माणसाने स्वतःसाठी धरलेली वाट पुढे एका पिढीची कवायत झाली.

आजच्या वर्गांत सूर्यनमस्कारांबरोबरच ऐरोबिक्स, झुंबा, वजनांचे व्यायाम, ठरावीक वेळाने एका व्यायामावरून दुसऱ्यावर जाण्याचे सर्किट आणि अतितीव्र व विश्रांतीचे टप्पे आलटून पालटून घेणारे प्रकारही असतात. नावे अनेक असली तरी मध्यमवयीन नवशिक्यापुढचा प्रश्न एकच असतो. समूहाचा वेग आणि आपल्या शरीराचा वेग यांचा मेळ कसा घालायचा?

सोबतीने काय होते?

व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक सहा महिन्यांच्या आत तो सोडतात, असे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत वारंवार दिसले आहे. समूहाचा पहिला उपयोग इथे होतो. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ‘काल दिसला नाहीत?’ असे विचारणारे कुणीतरी. परंतु केवळ एका खोलीत वीस जण एकत्र आले म्हणजे समूह होत नाही. व्यायामविषयक अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटांत सदस्यांची परस्परांशी ओळख वाढावी आणि समान उद्दिष्ट असावे यासाठी मुद्दाम प्रयत्न केले गेले होते, ते गट सर्वाधिक परिणामकारक ठरले. एरवीचा नेहमीचा वर्ग आणि घरी करावयाचा, पण कुणीतरी अधूनमधून चौकशी करीत असलेला व्यायाम यांत फारसा फरक आढळला नाही. पूर्णपणे एकट्याने करावयाचा व्यायाम सर्वांत मागे पडला. तेव्हा वर्ग निवडताना आरसे आणि यंत्रे मोजण्यापेक्षा तिथले लोक एकमेकांना नावाने ओळखतात का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. पंचविशीतल्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी ‘काका’ किंवा ‘काकू’ म्हटल्याने चेहरा उतरतो, हे खरे. पण हाक मारली गेली, हेही काही कमी नाही.

सोबतीचा दुसरा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमधील एका नौकानयन मंडळाच्या सदस्यांवर प्रयोग केले. एकट्याने वजन उचलताना जो लवकर थकत असे, तोच जोडीने उचलताना अधिक काळ टिकत असे, कारण आपल्यामुळे जोडीदाराचे काम थांबेल ही जाणीव त्याला सोडवत नसे. दोघांच्या ताकदीत बेताचा फरक असेल तेव्हा हा परिणाम सर्वाधिक असे. अंतर फारच असले की तो ओसरत असे. पुढे या निरीक्षणाला कोलर यांचेच नाव मिळाले.

समूहव्यायामाचे यश आणि त्याचा धोका दोन्ही याच ठिकाणी आहेत. एकट्याने दहा उठाबशा काढून बसणारा माणूस समूहात वीस काढतो. वीस काढण्याची त्याची तयारी झालेली असेल, तर तो लाभ. झालेली नसेल, तर शेजारच्या तिशीतल्या तरुणाच्या लयीत काढलेल्या या उठाबशा गुडघ्याला, पाठीला किंवा क्वचित हृदयाला महागात पडतात. शरीर थांब म्हणत असताना लाजेपोटी न थांबणे, हे मध्यमवयीन नवशिक्याचे नेहमीचे दुखणे आहे.

शरीरातील बदल

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकाला सुमारे तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. बैठे जीवन जगणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही वयानुसार खाली येते. २२० मधून वय वजा करण्याचे जुने सूत्र सर्वश्रुत आहे. २००१ साली सुचविलेल्या दुसऱ्या सूत्रानुसार वयाची ०.७ पट २०८ मधून वजा केली जाते. पन्नाशीच्या माणसासाठी पहिले सूत्र १७० आणि दुसरे १७३ असा आकडा देते. दोन्ही केवळ सरासरी आहेत. व्यक्तीनुसार दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो आणि बीटा-ब्लॉकर गटातील रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना तर ती लागूच पडत नाहीत. मनगटावरील घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी अधिक भरवशाची. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम तीव्रता. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस.

एक गोष्ट बहुतेक वर्गांत सांगितली जात नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ लागतात, परंतु त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे त्यामानाने सावकाश तयार होतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, अंगात जोर आल्यासारखे वाटू लागते नेमक्या त्याच वेळी, टाच, कोपर किंवा खांदा दुखू लागतो. या काळात वजन वाढविण्याचा मोह आवरणेच इष्ट. फरशीवर किंवा सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी उड्या मारल्या जात असतील, तर हे दुखणे आणखी आधी येते.

स्त्रियांच्या बाबतीत पंचेचाळिशीनंतर रजोनिवृत्तीच्या आसपास हाडांची घनता वेगाने कमी होते आणि चालण्याचा व्यायाम त्यावर पुरेसा ठरत नाही. वजने उचलण्याची भीती बाळगणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाची दखल घ्यावी. हाडे विरळ झालेल्या, सरासरी ६५ वर्षांच्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनांचा व्यायाम आठ महिने केला. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची एक टक्क्याहून अधिक घटली. यातील ‘देखरेखीखाली’ हा शब्द विसरता येणार नाही. उड्या मारताना लघवीचे थेंब सुटणे ही बाळंतपणे झालेल्या अनेक स्त्रियांची अडचण असते. संकोचामुळे त्या कारण न सांगताच वर्ग सोडतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकल्यास ही तक्रार बऱ्याच अंशी कमी होते आणि तोवर उड्यांऐवजी दुसरा प्रकार मागून घेणे हा त्यांचा हक्कच आहे.

हृदयाचा प्रश्न

व्यायाम करताना कुणी कोसळल्याची बातमी आली की व्यायामच घातक, असा सूर लागतो. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला बाराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. एरवी आठवड्यातून एकदाही जोराचे श्रम न करणाऱ्या व्यक्तीने अचानक तसे श्रम केले, तर त्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता तिच्या बाबतीत शंभर पटींहून अधिक वाढत होती. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांत ही वाढ अडीच पटींच्याही आत होती. मुळात कुठल्याही एका तासात झटका येण्याची शक्यता अत्यल्प असल्याने शंभर पट ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मात्र सवय नसलेल्या शरीराकडून पहिल्याच आठवड्यात जोराचे काम करून घेणे कसे चुकीचे आहे, ते यावरून उघड होते.

छातीत दडपण, चढण चढताना नेहमीपेक्षा अधिक धाप, भोवळ, घरात कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा धूम्रपान यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे अपरिहार्य ठरते. मधुमेहावर इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहाटे उपाशीपोटी जोराचा व्यायाम केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवणे आणि सोबत्यांना आजाराची कल्पना देऊन ठेवणे श्रेयस्कर. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेल्यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारल्याखेरीज जड वजन उचलू नये. वजन उचलताना श्वास रोखून धरल्यास रक्तदाब एकदम चढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडण्याची सवय सर्वांनीच लावून घ्यावी.

नव्याने सुरुवात केल्यावर एक ते तीन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु स्नायू सुजून असह्य दुखत असतील आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला असेल, तर तातडीने रुग्णालय गाठले पाहिजे. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडावर भार टाकतात, त्याचे हे लक्षण असते. सायकलिंगच्या सामूहिक वर्गात पहिल्यांदाच गेलेल्या तरुण माणसांमध्येही हा प्रकार आढळला आहे.

किती आणि कसे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूबळाचे व्यायाम करावेत. नवशिक्याने हा आकडा दोन-तीन महिन्यांत गाठला तरी पुरे. आठवड्यातून तीन दिवसांची बॅच आणि उरलेल्या दिवसांत चालणे, ही साधी विभागणी बहुतेकांना झेपते.

चांगल्या वर्गाची ओळख पहिल्याच दिवशी पटू शकते. प्रशिक्षक फी घेण्यापूर्वी आजार, औषधे आणि जुन्या दुखापती विचारतो का? प्रत्येक व्यायामाचा सोपा पर्याय न मागता दाखवितो का? किमान दहा मिनिटे अंग मोकळे करण्यासाठी देतो का? कुणी मध्येच थांबले तर त्याची जाहीर थट्टा होते का? एका प्रशिक्षकामागे तीस-चाळीस माणसे असतील, तर या प्रश्नांची उत्तरे मिळणे कठीण, कारण त्याला मागच्या रांगेतले गुडघे दिसतच नाहीत. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण त्याने घेतले आहे का, हा प्रश्न विचारायला बहुतेक जण संकोचतात, विचारावा. आणि वार्षिक फीवरील सवलत कितीही आकर्षक असली तरी पहिला महिना महिन्याच्याच हिशेबाने भरावा.

उशीर झाला, ही सबब मात्र टिकत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षांच्या व्यक्तींना आठ आठवडे वजनांचा व्यायाम देण्यात आला. दहा जणांपैकी नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आपल्याकडे खरी परीक्षा खंडानंतर होते. गणपती, दिवाळी, लग्नसराई किंवा मुलांच्या परीक्षा यांमुळे तीन-चार आठवडे बुडतात. तोवर बॅच पुढे गेलेली असते आणि परतलेला माणूस पहिल्याच दिवशी तिला गाठू पाहतो. अशा वेळी आधीच्या निम्म्या वजनापासून आणि निम्म्या आवर्तनांपासून पुन्हा सुरुवात करावी. दोन आठवड्यांत बरेचसे भरून निघते, कारण एकदा कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. त्या दोन आठवड्यांसाठी मागच्या रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी आणि प्रशिक्षकाला तसे आधीच सांगून ठेवावे.