बारशाआधीची नोंद

डॉक्टरकी म्हटली की आपल्या ग्वाल्हेरकरांना जयारोग्य रुग्णालय आठवते. रोगी येतो, डॉक्टर तपासतात. पण जे बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याची जबाबदारी कोणाची? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था काढली आणि हा प्रश्न पुढे आपल्या अंगावर घेतला.

खेड्यात घरीच जन्मून बारशाआधी दगावलेले बाळ पुष्कळदा सरकारी दप्तरात येतच नसे. (नोंद नाही तर मृत्यूही नाही, हे आम्हा सरकारी माणसांना चांगले ठाऊक!) ‘सर्च’ने आधी मृत्यू मोजले. मग गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकवले. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई द्यावी का, ही शंका रास्तच. पण इस्पितळ दूर म्हणून बाळाला तसेच सोडणे तरी कोणत्या वैद्यकीय नीतीत बसते? ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी आकड्यांहून कितीतरी जास्त असल्याचे मांडले, तेव्हा शासनाला समिती नेमावी लागली.

बालमृत्यूंत आपला मध्यप्रदेश वर्षानुवर्षे देशात पुढे. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांना याच धर्तीचे काम दिले गेले. इंजेक्शन वगळले, पण घरी जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सात भेटी ठरल्या. डबरा-भितरवारच्या खेड्यांतली आशाताई आज वजनकाटा घेऊन निघते, ती या वाटेने.